यंत्रविद्येची दुसरी पदवी

पंडित जवाहरलाल नेहरू यांच्या हस्ते साडेपाच महिन्यांच्या अंतराने भोपाळ शहरात दोन समारंभ झाले. ६ नोव्हेंबर १९६० रोजी त्यांनी हेवी इलेक्ट्रिकल्सच्या प्रचंड कारखान्याचे उद्घाटन केले. आणि २३ एप्रिल १९६१ रोजी त्याच शहरात मौलाना आझाद तंत्रमहाविद्यालयाच्या इमारतीची कोनशिला बसविली. एकीकडे विजेची अवजड यंत्रे घडविणारा कारखाना, दुसरीकडे ती यंत्रे घडविणारी माणसे तयार करणारी विद्याशाळा. दुसऱ्या पंचवार्षिक योजनेची सारी श्रद्धा या दोन समारंभांत सामावलेली होती. कारखान्यास लागणारा इंजिनिअर महाविद्यालयाने द्यावा आणि महाविद्यालयास पडणारे प्रश्न कारखान्याने पुरवावेत, असा तो सरळ हिशेब होता.

पहिल्या पदवीपुरता हा हिशेब पुष्कळसा जमला. चार-पाच वर्षे शिकून बाहेर पडलेला तरुण कारखान्यात जाई, उमेदवारी करी आणि कामास लागे. परंतु त्या पदवीच्या पुढची जी दुसरी पदवी, जिला आज सर्वत्र एम. टेक. म्हणतात, तिचा हिशेब फार दिवस अडून राहिला. यंत्रविद्येत तर तो विशेषच अडला. आणखी दोन वर्षे विद्यार्थिदशेत काढून, घरच्या मिळकतीची वाट आणखी दोन वर्षे लांबवून, या तरुणाने नेमके काय मिळवायचे आणि ते कोणास हवे होते? हा प्रश्न समजून घ्यावयाचा तर भोपाळ सोडून आधी पुण्यास जावे लागते, आणि तेही शंभर वर्षे मागे.

पुण्यात १८५४ साली एक संस्था निघाली. तिचे नाव 'पूना इंजिनिअरिंग क्लास अँड मेकॅनिकल स्कूल'. नावात 'मेकॅनिकल' हा शब्द स्पष्ट असला तरी तिचा खरा हेतू सार्वजनिक बांधकाम खात्यास हाताखालची माणसे पुरविणे हा होता. त्यापूर्वी १८४७ साली रुडकीस जे महाविद्यालय निघाले, तेही गंगेच्या कालव्यासाठी. सरकारास रस्ते हवे होते, पूल हवे होते, पाटबंधारे हवे होते. तेव्हा इंजिनिअर म्हणजे बांधकामाचा इंजिनिअर हे समीकरण रूढ झाले. मुंबई विद्यापीठाची जुनी परवाना-पदवीही 'सिव्हिल' इंजिनिअरिंगचीच होती. सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या पुण्यास शिकले आणि १८८४ साली मुंबई सरकारच्या बांधकाम खात्यात रुजू झाले ते याच वाटेने. यंत्रविद्येची पदवी पुण्यास सुरू होण्यास १९१२ साल उजाडावे लागले. म्हणजे संस्थेच्या नावातील एका शब्दास अर्थ येण्यासाठी अठ्ठावन्न वर्षे जावी लागली!

याचे कारण उघड होते. यंत्रे विलायतेतून येत असत. १८६५ ते १९४१ या काळात ब्रिटनमधून सुमारे १२,००० आगगाडीची इंजिने हिंदुस्थानात आली. येथे त्याच काळात बांधली गेली ती ७०० च्या आसपास. अजमेरच्या कर्मशाळेत १८९५ साली पहिले इंजिन तयार झाले होते, म्हणजे कसब नव्हते असे मुळीच नाही. परंतु जे यंत्र तयार होऊन येते त्याला दुरुस्त करणारा पुरतो. त्याची रचना करणाऱ्याची गरज पडत नाही. परळ, भायखळा, जमालपूर येथील रेल्वेच्या कर्मशाळांत यंत्रांचे पुष्कळ ज्ञान साठले. ते जोडारी, कातारी आणि लोहार यांच्या हातांत होते. पुस्तकाशी त्याचा संबंध थोडा आणि मानमरातबाशी तर त्याहून थोडा. हाताला तेल लागणारे काम शिकलेल्या माणसाचे नव्हे, ही आपल्या समाजाची समजूत त्यास अनुकूलच होती. साहेबाने एक भिंत घातली आणि दुसरी आपण घातली, असे म्हटल्यास ते खोटे ठरणार नाही.

या भिंती ओलांडू पाहणारे थोडे लोक महाराष्ट्रात होते. पुण्याचे केशव मल्हार भट १८८२ साली अमेरिकेत बोस्टन येथील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत दाखल झाले. त्या संस्थेत गेलेले ते पहिले हिंदी विद्यार्थी मानले जातात. आगबोटीने दोन महासागर ओलांडून यंत्रे शिकावयास जाणारा तो तरुण आज जवळजवळ विस्मृतीत गेला आहे. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये यांत्रिक रेखाचित्रण शिकवीत असत. आपला हक्क डावलून बढती दुसऱ्यास दिली गेली तेव्हा त्यांनी नोकरी सोडली, बेळगावात बस्तान बसविले, लोखंडी नांगर घडविला आणि १९१० साली कुंडलच्या माळावर किर्लोस्करवाडी उभी केली. त्यांच्यापाशी यंत्रविद्येची पदवी एकही नव्हती. त्यांचे चिरंजीव शंतनुराव हे मात्र त्याच अमेरिकन संस्थेतून १९२६ साली यंत्रविद्येचे पदवीधर होऊन आले. पित्याने अनुभवाने मिळविलेले मुलाने शास्त्राने तपासावे, हा क्रम त्या एका घराण्यात सहज घडला. देशात तो घडवून आणणे इतके सोपे नव्हते.

१९४७ साली देशात पदवीपर्यंत इंजिनिअरिंग शिकविणाऱ्या संस्था ३८ होत्या आणि त्यांत दरवर्षी मिळून २,९४० विद्यार्थी घेण्याची सोय होती. चौतीस कोटींच्या आसपास लोकसंख्या असलेल्या देशाच्या मानाने ही संख्या केवढी, हे सांगावयास नको. पदव्युत्तर शिक्षणाची सोय तर बोटांवर मोजण्याइतक्या ठिकाणी होती. बंगलोरची भारतीय विज्ञानसंस्था १९०९ पासून उभी होती; तेथे शिकलेल्यास पदविका मिळे. त्या संस्थेस विद्यापीठाचा दर्जा मिळाला तो १९५८ साली. तोपर्यंत देशातील अत्यंत हुशार इंजिनिअर आपल्या नावापुढे तिची पदविका लावीत आणि तीच मोठ्या अभिमानाने मिरवीत.

दुसरे महायुद्ध संपत आले तेव्हा नलिनीरंजन सरकार यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमण्यात आली. केशव भट जेथे गेले होते त्याच अमेरिकन संस्थेचा आदर्श डोळ्यांपुढे ठेवून देशाच्या चार दिशांना चार उच्च तंत्रसंस्था काढाव्यात, अशी तिने १९४६ साली शिफारस केली. त्यातूनच १९५१ मध्ये खरगपूरची, १९५८ मध्ये पवईची आणि पुढे इतर ठिकाणच्या संस्था निघाल्या. या कल्पनेत एक महत्त्वाची गोष्ट होती. अमेरिकन पद्धतीत पदवीनंतरचे शिक्षण आणि संशोधन हा विद्यापीठाचा कणा समजला जातो. जर्मनीतही तसेच. प्रशियातील तंत्रविद्यालयांना डॉक्टर ही पदवी देण्याचा हक्क कैसर दुसरा विल्हेल्म याने १८९९ साली दिला आणि जुन्या विद्यापीठांनी नाके मुरडली तरी तो मागे घेतला नाही.

इंग्लंडची रीत मात्र निराळी होती. तेथे इंजिनिअर घडतो तो कारखान्यात, ही धारणा फार खोलवर रुजलेली. मँचेस्टरच्या ट्रॅफर्ड पार्कमधील मेट्रोपॉलिटन-व्हिकर्स या कंपनीत पदवीधर तरुणांना दोन वर्षे उमेदवार म्हणून घेत, एकेका विभागातून फिरवीत आणि मग कायम करीत. या उमेदवारीची कीर्ती जगभर होती. तीतून जो तरून गेला त्यास आणखी कसल्या पदवीची गरज कोणी विचारीत नसे. हा भेद येथे विस्ताराने सांगण्याचे कारण असे की, भोपाळच्या एका समारंभामागे अमेरिकन कल्पना उभी होती आणि दुसऱ्यामागे इंग्रजी.

भोपाळच का, हेही थोडे सांगितले पाहिजे. बेगमांच्या कारकिर्दींसाठी ओळखले जाणारे हे संस्थान १९४९ साली भारत सरकारच्या कारभाराखाली आले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी नवे मध्य प्रदेश राज्य जन्मास आले आणि भोपाळ त्याची राजधानी झाली. त्याच दिवशी नागपूरची राजधानी गेली. विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात सामील झाले आणि जुन्या राज्याच्या सचिवालयातील कागदपत्रांबरोबर कित्येक मराठी कुटुंबेही भोपाळच्या तलावाकाठी येऊन राहिली. ग्वाल्हेर-इंदूरचा मराठी माणूस पेशव्यांच्या सरदारांबरोबर आलेला. भोपाळचा मराठी माणूस बहुधा फायलींबरोबर आला. त्याच्या मुलांना पुढे काय शिकवावे हा प्रश्न त्याच्यापुढे होताच, आणि योजनेच्या त्या काळात इंजिनिअरिंग हे त्याचे पहिले उत्तर असे.

मौलाना आझाद हे स्वतंत्र भारताचे पहिले शिक्षणमंत्री. १९५८ साली ते वारले. त्यांच्या नावाचे महाविद्यालय १९६० साली सुरू झाले तेव्हा त्यास स्वतःची इमारत नव्हती. सरकारी तंत्रनिकेतनाच्या जागेत १२० विद्यार्थी आणि ७ शिक्षक यांवर कामास आरंभ झाला. नियोजनाची जबाबदारी होती तंत्रनिकेतनाचे प्राचार्य एस. आर. बीडकर यांच्यावर, हे आडनाव मराठी कानास ओळखीचे आहे. कोनशिला बसल्यावर तीन वर्षांनी, १९६४ साली, महाविद्यालय आपल्या आवारात गेले. देशात त्या सुमारास अशी आठ प्रादेशिक अभियांत्रिकी महाविद्यालये केंद्र व राज्य सरकारांनी मिळून काढली. नागपूरचे विश्वेश्वरय्या महाविद्यालय हे भोपाळचे जुळे भावंडच म्हणावयाचे. त्यांचा एक नियम मोठा सुंदर होता. निम्मे विद्यार्थी त्या राज्यातील आणि निम्मे देशाच्या इतर भागांतील. त्यामुळे वसतिगृहाच्या भोजनगृहात भात हवा की पोळी यावर जी लढाई होई ती अखिल भारतीय असे.

इकडे कारखान्याची कथा समांतर चालली होती. भारत सरकारने असोशिएटेड इलेक्ट्रिकल इंडस्ट्रीज या ब्रिटिश कंपनीशी १९५५ साली करार केला. १९५६ मध्ये हेवी इलेक्ट्रिकल्स (इंडिया) ही सरकारी कंपनी स्थापन झाली. वर जिचा उल्लेख आला ती मँचेस्टरची मेट्रोपॉलिटन-व्हिकर्स ही याच ब्रिटिश समूहाची शाखा. पिपलानी, बरखेडा, गोविंदपुरा या वसाहती उठल्या. जलचक्रे, रोहित्रे, स्विचगिअर, आगगाडीच्या विद्युत-मोटारी अशी यंत्रे येथे व्हावयाची होती. भारतीय इंजिनिअरांच्या तुकड्या इंग्लंडमधील कारखान्यांत शिकावयास गेल्या आणि तेथील तज्ज्ञ भोपाळला आले. यंत्रे आली, हत्यारे आली, आणि मुख्य म्हणजे नकाशे आले.

नकाशा ही गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे, कारण सारी कथा तिच्यापाशी येऊन थांबते. एखाद्या जलचक्राच्या दंडाचा नकाशा घ्या. दंडाची जाडी किती, कोणत्या जातीचे पोलाद, कोठे किती गोलाई द्यावी, किती सूक्ष्म फरक चालेल, हे सारे त्यावर असते. कुशल इंजिनिअर तो वाचतो, कुशल कातारी लेथवर तो दंड उतरवितो, आणि दंड बरोबर नकाशाप्रमाणे होतो. हेही लहान काम नाही; भोपाळच्या पहिल्या पिढीने ते शून्यातून उभे केले, याबद्दल तिला जितके श्रेय द्यावे तितके थोडे. परंतु दंडाची जाडी तेवढीच का, हे नकाशावर लिहिलेले नसते. फिरणाऱ्या दंडास एक ठराविक वेग असा असतो की त्या वेगाशी तो थरथरू लागतो आणि वेळीच त्यातून बाहेर पडला नाही तर मोडतो. स्कॉटलंडचा रँकिन १८६९ साली या प्रश्नाशी झगडला आणि त्याचा निष्कर्ष चुकला. स्वीडनच्या द लाव्हालने बारीक, लवचीक दंड वापरून आपले वाफेचे चक्र त्या धोक्याच्या वेगाच्या पलीकडे फिरवून दाखविले. आणि असे का होते याचा उलगडा आयरिश शास्त्रज्ञ जेफकॉट याने १९१९ साली केला. म्हणजे जे कारागिराने आधी करून दाखविले त्याचे कारण सापडावयास तीस वर्षे गेली. ही तीस वर्षांची बुद्धी नकाशाच्या आकड्यात गुप्त रूपाने असते. नकाशा विकणारा ती वेगळी देत नाही, आणि करारात तसे कलम घालण्याचे घेणाऱ्यास सुचत नाही.

यंत्रविद्येची दुसरी पदवी या 'का'साठी आहे. पहिले वर्ष कंपने, ताण, उष्णतेचे वहन, द्रवांची गती अशा विषयांचा खोल अभ्यास. दुसरे वर्ष एकाच प्रश्नावर प्रबंध. १९५९ साली प्रा. एम. एस. थॅकर यांच्या अध्यक्षतेखाली पदव्युत्तर तंत्रशिक्षणाचा विचार करणारी समिती नेमली गेली, १९६१ साली तिचा अहवाल आला आणि दोन वर्षांचा हा अभ्यासक्रम देशात स्थिर झाला. भोपाळच्या महाविद्यालयातही कालांतराने असे वर्ग निघाले. पण गोविंदपुऱ्याच्या कारखान्यास अशा पदवीधराचे काय करावे हे कळत नव्हते. ज्याचे नकाशे मँचेस्टरहून येतात त्यास 'का' विचारणारा मनुष्य कशाला? त्यास हवा होता 'कसे' जाणणारा. दोन वर्षे अधिक शिकलेला तरुण आणि दोन वर्षे उमेदवारी केलेला तरुण यांत कारखान्याने दुसऱ्यास पसंत केले, तर तो दोष त्या अधिकाऱ्यांच्या मनाचा नव्हता. ज्या रीतीत ते वाढले तिचा होता.

मग ही दुसरी पदवी घेऊन माणसे गेली कोठे? बहुतांशी ती वर्गात परत गेली. नव्या महाविद्यालयांस शिक्षक हवे होते, आणि या पदवीचा पहिला मोठा उपयोग शिक्षक तयार करण्याकडे झाला. १९७० साली कार्यरत अध्यापकांना पगारी रजा देऊन उच्च शिक्षणास पाठविण्याची केंद्र सरकारची योजना सुरू झाली. त्याआधी १९६५ साली भोपाळच्याच शामला टेकडीवर तंत्रनिकेतनांच्या शिक्षकांसाठी एक प्रशिक्षणसंस्था निघाली होती. पश्चिम विभागासाठी ती असल्याने महाराष्ट्र, गुजरात आणि गोव्यातील कित्येक शिक्षकांनी तलावाच्या काठी काही महिने काढले आहेत. मास्तराने पुन्हा बाकावर बसावे आणि परीक्षेची भीती पुन्हा अनुभवावी, यासारखे दुसरे औषध नाही. पण तो विषय वेगळा.

तथापि एक चक्र येथे तयार झाले, आणि त्याचे दुःख मानण्यासारखे आहे. ज्याने कारखाना पाहिला नाही तो कारखान्यात जाणाऱ्यांना शिकवू लागला. आणि ज्यांनी कारखाना चालविला ते वर्गात कधी आले नाहीत. एकाच शहरात राहून दोन्ही पक्ष परस्परांस नमस्कार करीत राहिले. ज्यांच्या बळावर कारखान्याने आपली रीत बसविली ती ब्रिटिश कंपनी १९६७ साली दुसऱ्या कंपनीच्या पोटात गेली. १९७४ साली भोपाळचा कारखानाही भारत हेवी इलेक्ट्रिकल्समध्ये विलीन झाला. नकाशे देणारे हात असे एकेक करून दूर झाले, तेव्हा 'का' विचारणाऱ्याची गरज भासू लागली.

१९८० साली डॉ. नायुडम्मा यांच्या समितीने या पदवीची पुन्हा तपासणी केली. नायुडम्मा स्वतः चामड्याचे शास्त्रज्ञ; प्रयोगशाळेतील विद्या गावच्या चर्मकारापर्यंत नेणारा हा मनुष्य पुढे १९८५ च्या कनिष्क विमानाच्या घातपातात बळी पडला. त्यांच्या समितीनंतर अभ्यासक्रम दीड वर्षाचा करण्यात आला, विद्यावेतन वाढले आणि साऱ्या देशासाठी एकच प्रवेशपरीक्षा, जिला 'गेट' म्हणतात, १९८३ च्या सुमारास सुरू झाली. दीड वर्षात प्रबंध धड होत नाही असा अनुभव आल्यावर डॉ. पी. रामा राव यांच्या समितीने पुन्हा दोन वर्षांची शिफारस केली. दोन, दीड आणि पुन्हा दोन. शिक्षणाच्या इतिहासात अशा फेऱ्या नवीन नाहीत. विद्यावेतन हा मात्र गरीब घरच्या मुलास खरा आधार होता. २०१४ साली ते दरमहा १२,४०० रुपये करण्यात आले. कारखान्यातील पगाराच्या मानाने थोडे, पण घरी हात पसरावा लागू नये इतके.

या मधल्या काळात भोपाळच्या नावास जो डाग लागला त्याचा उल्लेख टाळून यंत्रविद्येची कथा सांगता येणार नाही. २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या मध्यरात्री शहराच्या उत्तर भागातील युनियन कार्बाइडच्या कारखान्यात मिथिल आयसोसायनेटच्या एका टाकीत पाणी शिरले आणि सुमारे चाळीस टन विषारी वायू झोपलेल्या वस्त्यांवर पसरला. मध्य प्रदेश सरकारने ३,७८७ मृत्यूंची नोंद केली. इतरांच्या गणना याहून पुष्कळ मोठ्या आहेत. रसायनाचा हा अपघात म्हणून सर्वत्र सांगितला जातो, आणि तो तसा आहेही. परंतु त्या रात्रीच्या नोंदी यंत्रज्ञाच्या दृष्टीने वाचल्या म्हणजे निराळेच चित्र दिसते. टाकी थंड ठेवणारी शीतयंत्रणा कित्येक महिने आधी बंद करण्यात आली होती. निसटलेला वायू जाळून टाकण्यासाठी जो उंच मनोरा होता त्याकडे जाणाऱ्या नळाचा गंजलेला तुकडा काढून ठेवलेला होता आणि नवा बसविलेला नव्हता. वायू धुऊन निरुपद्रवी करणारी यंत्रणा वेळेवर चालू स्थितीत नव्हती, आणि असती तरी एवढ्या लोटापुढे ती अपुरी पडती. रात्रपाळीच्या देखभाल-पर्यवेक्षकाची जागा थोड्याच दिवसांपूर्वी कमी करण्यात आली होती. एक नळाचा तुकडा, एक शीतयंत्र, एक माणूस. देखभाल हा इंजिनिअरिंगमधील गौण विषय होय, नव्या रचनेपुढे तो हलका होय, अशी जी समजूत वर्गात आणि कारखान्यात दोन्हीकडे होती, तिचे उत्तर त्या रात्री मिळाले. भोपाळच्या महाविद्यालयात एम. टेक.साठी पुढे जे विषय शिकविले गेले त्यांत यंत्रांची देखभाल व तिचे व्यवस्थापन हा एक आहे, आणि ताण व कंपने यांचे विश्लेषण हा दुसरा. हे विषय ज्या शहरात शिकविले जातात त्या शहरात त्यांचे पाठ्यपुस्तक रस्त्यावर येऊन गेले आहे.

त्यानंतरची कथा वेगाने सांगता येते, कारण ती सर्वांच्या परिचयाची आहे. १९९१ नंतर दारे उघडली, संगणकाचा व्यवसाय वाढला आणि यंत्रविद्येचा पदवीधरही पडद्यापुढे बसू लागला. १९९८ साली भोपाळात राज्याचे तंत्रविद्यापीठ निघाले आणि त्याच्या छायेत खाजगी महाविद्यालये पावसाळ्यातील छत्र्यांसारखी उगवली. मौलाना आझाद महाविद्यालय २००२ साली राष्ट्रीय तंत्रसंस्था झाले. २०१० च्या नियमांनी साहाय्यक प्राध्यापकास एम. टेक. आवश्यक ठरले, त्यासरशी या पदवीची मागणी एकदम वाढली, आणि ती पुरविणारे वर्गही. ज्या पदवीसाठी थॅकर समितीने दोन वर्षांचे निष्ठेचे काम गृहीत धरले होते ती पुष्कळ ठिकाणी नोकरीचा परवाना बनली. विद्यार्थी तुटपुंजे, शिक्षक त्याहून तुटपुंजे, आणि प्रबंध एकमेकांसारखे. पुढे खाजगी महाविद्यालयांतील जागा रिकाम्या राहू लागल्या तेव्हा तो परवानाही फारसा कामास आला नाही. 'गेट' परीक्षेचेही असेच झाले. सरकारी कंपन्या तिच्या गुणांवर थेट नोकरी देऊ लागल्या आणि अनेकांच्या दृष्टीने ती पुढील शिक्षणाची परीक्षा उरलीच नाही. नोकरी मिळताच अर्ध्यावर अभ्यासक्रम सोडून जाणाऱ्या मुलास दोष देणे सोपे आहे. त्याच्या घरी बहीण लग्नाची असते, बापाने कर्ज काढलेले असते. त्यास 'का' या प्रश्नासाठी थांब म्हणणाऱ्याने आधी त्याच्या जागी उभे राहून पाहावे.

तरीही थांबणारे थांबतात, आणि थांबण्यासारखे प्रश्न या देशात पुष्कळ आहेत. त्यांपैकी एक भोपाळच्या कारखान्याशी निगडित आहे. तेथे आरंभापासून जलचक्रे होतात आणि त्यांतील अनेक हिमालयातील नद्यांवर बसली आहेत. या नद्या तरुण डोंगरांतून येतात आणि पावसाळ्यात अपरिमित गाळ वाहून आणतात. त्या गाळात क्वार्ट्झ नावाच्या स्फटिकाचे कण असतात. ते पोलादाहून कठीण. वेगाने येणारे पाणी हे कण चक्राच्या पात्यांवर मारते आणि पाती कानशीने घासावीत तशी झिजतात. सतलजवरील नाथपा झाकडी येथील १,५०० मेगावॅटचे केंद्र गाळ फार वाढला म्हणजे बंद ठेवावे लागते, इतका हा प्रश्न तिखट आहे. युरोपातील ज्या नद्यांसाठी जुने नकाशे तयार झाले त्यांना असा गाळ माहीतच नव्हता. तेव्हा पात्याचा आकार कसा बदलावा, त्यास कोणता कठीण लेप द्यावा, कणाचा कोन बदलला की झीज किती बदलते, यांची उत्तरे मँचेस्टरच्या कोणत्याही कपाटात मिळण्यासारखी नव्हती. ती येथेच शोधावी लागतात.

अशा प्रबंधाचे काम बाहेरून पाहणाऱ्यास अगदी रूक्ष वाटेल. चक्राच्या पात्यांसाठी वापरतात ते तेरा टक्के क्रोमियम आणि चार टक्के निकेल असलेले पोलाद घ्यावयाचे आणि त्याचे बोटाएवढे तुकडे कापावयाचे. प्रत्येक तुकडा घासून, धुऊन, वाळवून सूक्ष्म तराजूवर तोलावयाचा. मग पाणी आणि वाळू यांनी भरलेल्या भांड्यात तो ठराविक वेगाने ठराविक तास फिरवावयाचा. पुन्हा बाहेर काढावयाचा, धुवावयाचा, वाळवावयाचा आणि पुन्हा तोलावयाचा. वाळूचे कणही झिजून गोल होतात, म्हणून दर वेळी नवी वाळू घ्यावी लागते. आणि एखाद्या दिवशी वीज गेली तर ती फेरी पहिल्यापासून. शेवटी वहीत दोन आकडे शेजारी शेजारी लिहिले जातात, आधीचे वजन आणि नंतरचे. फरक असतो काही मिलिग्रॅमचा. दुसऱ्या दिवशी कोन पंधरा अंशांनी बदलून तोच तुकडा पुन्हा भांड्यात सोडला जातो.